शेवट ठाऊक असलेली रहस्यकथा : ठाणे, १८१६ आणि दोन ठक

चेंदणीकर

नमस्कार मंडळी. मी एक ऐतिहासिक रहस्यकादंबरी लिहीत आहे आणि ती निम्म्यावर येऊन अडली आहे, म्हणून हा धागा.

काळ १८१६ चा पावसाळा आणि स्थळ आपले ठाणे. आदल्या वर्षी, म्हणजे जुलै १८१५ मध्ये, गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. संशय दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू त्र्यंबकजी डेंगळे याच्यावर गेला. पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातील इंग्रजांचा वकील, एल्फिन्स्टन याने इतका दाब आणला, की पेशव्याला आपला माणूस इंग्रजांच्या हवाली करावा लागला. त्याला ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या मध्यवर्ती कारागृहाच्या जागी, कैदेत ठेवले आणि १२ सप्टेंबर १८१६ रोजी तो तेथून निसटला. हा झाला इतिहास.

माझे नायक दोन ठक आहेत. एक पेशव्यांच्या दफ्तरातून बडतर्फ झालेला कारकून असून तो कोणाच्याही वळणाचे अक्षर काढू शकतो. दुसरा गोसाव्याच्या वेशात फिरतो आणि साहुकारांना किमयेचे व गुप्तधनाचे गाजर दाखवतो. त्यांनी ठाणे निवडले आहे, कारण साष्टी, म्हणजे ठाणे ज्यावर आहे ते बेट, १७७४ पासून कंपनीकडे होती आणि खाडीपलीकडे कल्याणच्या बाजूला पेशव्यांचा अंमल होता. अलीकडे फसवावे, पलीकडे पळावे आणि पलीकडे बोभाटा झाला की पुन्हा अलीकडे यावे, अशी ही सोय आहे.

अडचणी दोन आहेत. त्र्यंबकजी निसटणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असेल, मग रहस्य कशात ठेवायचे? आणि हे दोघे त्या कटात ओढले कसे जातात? सध्याच्या मसुद्यात एक अनोळखी स्वार येऊन त्यांना मोहरांची थैली देतो, पण ते मला स्वतःलाच पटत नाही.

कोपरीचा_शशी

त्र्यंबकजी निसटला हे मला आत्ताच कळले. माझ्यापुरती तरी आपण कादंबरी फोडलीत.

ऐरोलीवासी

म्हणजे १८१६ साली आम्ही ऐरोलीकर आणि बेलापूरकर पेशवाईत होतो, तर आपण ठाणेकर कंपनी सरकारचे रयत होता. बेलापूरचा किल्लाही १८१७ पर्यंत मराठ्यांकडेच होता. पुढच्या वेळी कोणी ठाणेकर आम्हांला 'तिकडचे' म्हणाला, तर हा धागा त्याला दाखवण्यात येईल. बाकी, खाडी ओलांडून पळून जाण्याची कल्पना आजच्या कळवा पुलावर चालणार नाही, कारण फसवलेला साहुकार पायी येऊनही त्यांना गाठेल.

तळटीप

चेंदणीकर, विषय उत्तम आहे. या पलायनाची जी हकिकत ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे, ती कोणत्याही कल्पित कथेहून सरस आहे, हे आधी नमूद करतो. खबरदारी म्हणून कैद्यावरचा पहारा केवळ गोऱ्या शिपायांचा होता. एका अधिकाऱ्याच्या पदरी असलेला मराठी मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा नोकर, धन्याचा घोडा फिरवताना कैद्याच्या खिडकीखालून येजा करीत असे आणि जे सांगायचे ते सहज गुणगुणल्यासारखे गाऊन सांगत असे. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते. देशी शिपाई फितूर होऊ नयेत म्हणून जी तजवीज केली, तिच्यामुळेच भर दिवसा, सर्वांच्या देखत, कट शिजू शकला.

पुढे त्र्यंबकजी पुन्हा पकडला गेला. १८२४ साली कलकत्त्याचा बिशप हेबर काशीजवळच्या चुनारला गेला असता त्याने तेथे कैदेत असलेल्या त्र्यंबकजीला पाहिले. त्या गाण्याचे इंग्रजी पद्यरूप त्यानेच दिले आहे. झुडपाआड तिरंदाज, झाडाखाली घोडा, पंचावन्न घोडे आणि चोपन्न स्वार, असा त्याचा आशय आहे. ते पद्य मला फारच विलायती पोवाड्याच्या घाटाचे वाटते. मोतद्दाराने काय गायले असेल ते त्या मोतद्दारालाच ठाऊक, त्यामुळे आपल्या कादंबरीत ते गाणे आपण स्वतः रचावे, हेबरवरून उलट मराठीत आणू नये.

आपल्या पहिल्या प्रश्नावर मात्र माझे मत प्रतिकूल आहे. 'कोणी' आणि 'कसे' ही दोन्ही उत्तरे इतिहासाने देऊन ठेवली आहेत. या घटनेवर साहसकथा होईल, रहस्यकथा होणार नाही.

जुना_रोखपाल

मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि जुन्या हुंड्या जमवण्याचा मला नाद आहे. तळटीप यांच्या निष्कर्षाकडे नंतर येतो, आधी अनोळखी स्वाराची थैली बाजूला ठेवू. ठकांना त्यांच्या धंद्यानेच कटात नेले पाहिजे, आणि त्यांचा धंदा त्या काळचा हवा.

त्या काळी एकाच बाजारात अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना तऱ्हेचे रुपये चालत आणि प्रत्येकाचा बट्टा, म्हणजे बदलताना कापायची घट, सराफ ठरवी. किरकोळ ठकाला तेवढे रान पुरेसे होते. मोठा हात मारायचा तर हुंडी, म्हणजे एका पेढीने दुसरीवर काढलेली पैसे देण्याची चिठ्ठी. पण हुंडीची नक्कल करणे सोपे नव्हते. रक्कम अक्षरी लिहून शिवाय तिची निम्मी रक्कम लिहीत आणि तिची दुप्पट असे म्हणत, त्यामुळे एखादे शून्य वाढवून भागत नसे. हुंडी गहाळ झाली तर तिची पैठ, म्हणजे दुसरी प्रत, निघे, पैठही गहाळ झाली तर परपैठ निघे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याच्यावर हुंडी काढली त्याला काढणाऱ्या पेढीकडून सूचनेचे पत्र वेगळे जाई. पत्र पोचले नसेल तर पेढीवरचा मुनीम हुंडी उलटीपालटी करून पाहणार, पाणी विचारणार आणि 'उद्या या' म्हणणार.

म्हणून आपल्या कारकुनाला नुसती खोटी हुंडी पुरत नाही, त्याला खोटे सूचनापत्रही आत सरकवावे लागते. त्यासाठी टपाल घेऊन निघालेला जासूद वाटेत गाठावा लागतो, त्याची थैली रात्रभर ताब्यात ठेवावी लागते आणि सकाळी ती जशीच्या तशी त्याच्या उशाखाली परत ठेवावी लागते. त्या थैलीत साहुकाराच्या पत्रांबरोबर आणखी एक पत्र निघाले, की दोघे कटात ओढले गेले. कोणीही मोहरा देण्याची गरज नाही.

चेंदणीकर

रोखपालसाहेब, हे फारच उपयोगी आहे. थैलीचा प्रसंग पनवेलच्या धर्मशाळेत घालता येईल, कारण मुंबईहून पुण्याकडे जाणारा माणूस तेव्हा बहुधा होडीने पनवेलला उतरे आणि तेथून बोरघाटाने वर जाई.

बोरूबहाद्दर

पत्र निघाले आणि त्यात कट लिहिलेला होता, असे कृपा करून करू नका. मोडीतील जुनी पत्रे वाचण्याचा थोडाफार सराव असल्यामुळे सांगतो, की ज्या मजकुराने मान जाईल तो मजकूर शहाणा माणूस कागदावर उतरवीत नसे. पत्रात कुशल विचारलेले असते, कोणाच्या तरी लग्नाचा उल्लेख असतो आणि शेवटी 'अमुक जबानी सांगतील त्यावरून कळेल' असे एक वाक्य असते. म्हणजे खरे पत्र जासुदाच्या तोंडात असते.

मला वाटते, यात आपल्या दोघा ठकांची कामे आपोआप वाटली जातात. कारकुनाला कागदावरून इतके कळेल, की मजकूर साधा असूनही शेवटी, पुढे कोणी काही वाढवू नये म्हणून, 'लेखनसीमा' घालून जागा बंद केली आहे, कागद चांगला जुन्नरी आहे, अक्षर कसलेल्या चिटणिशी वळणाचे आहे आणि असले पत्र घोडे धुणाऱ्या माणसाच्या नावाने जाण्याचे काही कारण नाही. पण त्यापुढे कागद मुका आहे. पुढचे काम गोसाव्याचे. जासुदाला चिलीम देऊन, त्याचा हात पाहून, त्याच्या बायकोच्या आजारावर अंगारा देऊन त्याच्या तोंडून जबानी काढायची. एक कागद वाचतो आणि एक माणूस वाचतो.

आणि एक इशारा. शिक्क्याची नक्कल हा कादंबरीकारांचा आवडता विषय असला, तरी समोरच्या दफ्तरातील कारकून शिक्क्याआधी अक्षर ओळखतो. वर्षानुवर्षे ज्याच्या हातची पत्रे आली, त्याचा वेलांटीचा झोक त्याला पाठ असतो.

शुभांगी_वाशी

माझा इतिहासाचा अभ्यास नाही, परंतु फसवणुकीचा अनुभव घरात आहे. गेल्या वर्षी आमच्या नात्यातील एका सुशिक्षित गृहस्थांना गणवेशातील माणसाने दृश्य दूरध्वनी करून 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगितले आणि त्यांना दोन दिवस खोलीत बसवून ठेवले. त्यांनी आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले आहेत, त्यामुळे ते मूर्ख होते असे कोणीही म्हणणार नाही. समोर शिक्का होता, सरकारी भाषा होती आणि विचार करायला उसंत दिली नव्हती.

हे सांगण्याचे कारण असे, की ठकांच्या कथांमध्ये फसणारा माणूस नेहमी लोभी आणि ढेरपोट्या साहुकार दाखवतात, जेणेकरून वाचकाला हसताना अपराधी वाटू नये. आपण निदान एक तरी सावज असे ठेवा, की ज्याची फसवणूक वाचताना घास अडकेल. मग हे दोघे संकटात सापडल्यावर आम्हांला आनंद व्हावा की काळजी वाटावी, हे ठरवणे कठीण जाईल आणि कादंबरी जड होईल, चांगल्या अर्थाने.

पारसिकचा_वारा

चेंदणीकर, गोसावी आणि कारकून इथपर्यंत ठीक आहे, पण पुढे साथीदार म्हणून एखादी भटकी जमात आणून तिला 'जन्मजात चोर' दाखवण्याचा मोह आवरा. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर तो शिक्का मारला, तो १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला आणि तरीही आजच्या मालिकांतून तो पुसला गेलेला नाही. आपली कथा त्या कायद्याच्या कितीतरी आधीची आहे, त्यामुळे आपल्याला ती सबबही मिळणार नाही.

चेंदणीकर

पारसिकचा वारा, निश्चिंत असावे. माझे दोन्ही ठक शिकलेले, पोटभर जेवणारे आणि आपल्या घराण्याचा अभिमान बाळगणारे आहेत. शुभांगीताई, आपली सूचना मनाला लागली. ठाण्यातील एक विधवा सावकारीण डोळ्यांसमोर आली आहे.

रात्रपाळी

रहस्य कशात, याचे उत्तर सोपे आहे. ते पत्र चोरले जावे म्हणूनच थैलीत ठेवले होते. इंग्रजांचे लक्ष दुसरीकडे वळावे म्हणून कटवाल्यांनी या दोघांना नकळत वापरून घेतले आणि शेवटच्या प्रकरणात त्यांना कळते, की आपणच सावज होतो. ठकास महाठक!

गाभुळलेली_चिंच

रात्रपाळी, रागावू नका, पण ठकांची कथा म्हटली की शेवटी ठकच ठकले जाणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. वाचक त्या कलाटणीची शंभराव्या पानापासून वाट पाहत बसेल.

मला यात एक वेगळी गोष्ट दिसते आणि तिच्यामुळे तळटीप यांचा आक्षेपही गळून पडतो असे वाटते. बोरूबहाद्दर यांच्या सूचनेप्रमाणे या दोघांना ऑगस्टमध्येच खरी बातमी लागली, असे धरा. खिडकीखाली गाणारा मोतद्दार निरोप पोचवतो आहे, हे संपूर्ण ठाण्यात फक्त त्यांना ठाऊक आहे. आता ते करणार काय? ही बातमी किल्ल्यात विकली तर बक्षीस मिळेल. पण 'तुम्हांला कसे कळले?' या पहिल्याच प्रश्नाला उत्तर देताना थैली उघडल्याचे सांगावे लागेल, थैली का उघडली हे सांगताना हुंडी निघेल आणि हुंडी निघाली की बक्षीस राहील बाजूला, हातात बेड्या पडतील. आयुष्यभर खोटे विकून जगलेल्या माणसांच्या हाती एकदाच खरे लागले आहे आणि ते विकण्याची अक्कल त्यांना नाही.

त्र्यंबकजी निसटणार हे वाचकाला ठाऊक आहे, म्हणजेच या दोघांवर कोणी विश्वास ठेवणार नाही हेही त्याला ठाऊक आहे. मग तो पाने उलटतो ती एवढ्याचसाठी, की ते कोणाकोणाला सांगून पाहतात, प्रत्येक जण कोणत्या कारणाने कानांवर हात ठेवतो आणि त्यांतील एखाद्याने खरोखर ऐकले असूनही गप्प राहणे पसंत केले का. किल्ल्यात हे ऐकूनही गप्प बसलेला माणूस कोण, हे आपले रहस्य. इतिहासात त्याचे नाव नाही, कारण त्याने काहीच केले नाही.

जुना_रोखपाल

चिंच, हे आवडले. पेढीवर आम्ही रोज हेच पाहत असू. कागद खरा की खोटा याच्याआधी समोर उभा राहिलेला माणूस कोण, हे पाहिले जाते.

बाणेदार_ब

मला मूळ कल्पनाच खटकते. त्र्यंबकजीला पकडून देण्यासाठी धडपडणारे नायक मराठी वाचकाने का म्हणून आपले मानावेत? त्यापेक्षा पूर्वार्धात ठक असलेले हे दोघे उत्तरार्धात शुद्धीवर येऊन पलायनाला मदत करतात, असे दाखवले तर कादंबरीला उंची येईल.

तळटीप

बाणेदार, आपण १८१८ नंतर उभे राहून १८१६ कडे पाहत आहात. पेशवे आणि इंग्रज यांच्यातील खडकीची लढाई नोव्हेंबर १८१७ मध्ये झाली. कादंबरीतील माणसांच्या लेखी पेशवाई अजून आहे आणि ती उद्याही असणार आहे. त्यांच्या दृष्टीने कोठडीतला माणूस राष्ट्रपुरुष नाही, अभय देऊन बोलावलेल्या वकिलाच्या खुनाचा आरोप ज्याच्यावर आहे असा पेशव्याचा मर्जीतला कारभारी आहे. कोणी त्याचा द्वेष करीत असेल, कोणी त्याच्या उपकाराखाली असेल आणि बहुतेकांना भाताच्या भावाची अधिक चिंता असेल. ठकांना अचानक देशभक्तीचा झटका आणणे म्हणजे वाचकाला खोटी हुंडी देण्यासारखे आहे.

आणि चिंच यांनी माझा आक्षेप मोडून काढला हे मान्य करून त्यात एक भर घालतो. त्र्यंबकजी हा मुळात जासूद होता. १८०२ साली बाजीराव पुणे सोडून महाडला गेला असताना पुण्याहून विलक्षण वेगाने उत्तर आणून दिल्यामुळे तो पेशव्याच्या नजरेत भरला, असे ग्रँट डफच सांगतो. निरोप नेणे, तो पोटात ठेवणे आणि वाटेत कोणी थैलीला हात लावला तर ते ओळखणे, हे ज्याचे पहिले शिक्षण, तो माणूस आपल्या कथेत खिडकीआड बसला आहे. एखाद्या दिवशी मोतद्दाराच्या गाण्यात एक ओळ कमी आली, किंवा पनवेलहून आलेल्या जासुदाने सांगितलेल्या निरोपात एक शब्द जास्त झाला, तर ते पुण्यात कोणाला कळणार नाही, पण त्याला कळेल. आपल्या ठकांना धोका इंग्रजांकडून नाही. धोका कैद्याकडून आहे, आणि तोही कैद्याने कोठडीबाहेर पाऊल न टाकता.

रात्रपाळी

माझी कलाटणी मी सन्मानाने मागे घेतो.

आकाशवेडा

तारखेची गोष्ट निघाली आहे म्हणून थोडे गणित. ९-१० जून १८१६ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झाले होते, म्हणजे तेव्हा पौर्णिमा होती. तेथून तीन चांद्रमास पुढे गेल्यास सप्टेंबरची पौर्णिमा ६ तारखेच्या आसपास येते. म्हणून १२ सप्टेंबरला भाद्रपद वद्य षष्ठी-सप्तमीचा सुमार असणार आणि चंद्र रात्री दहा-अकराच्या सुमारास उगवणार. दिवेलागणीनंतर दोन-तीन तासांचा काळोख निसटणाऱ्याला मिळतो.

शिवाय तो पितृपक्ष आहे. त्या पंधरवड्यात कोणताही साहुकार गुप्तधनाची खणती सुरू करायला तयार होणार नाही, त्यामुळे आपल्या गोसाव्याचा धंदा नेमका त्या दिवसांत बसलेला असेल आणि त्याला पैशाची निकड असेल.

कोपरीचा_शशी

किल्ल्याची जागा आत जाऊन पाहता येईल का? लेखनासाठी म्हणून परवानगी मागावी असे सुचवतो. नाकारली गेली तर एखादी खोटी हुंडी करून आत जाण्याचा मार्ग आहेच, फक्त परतीची हमी नाही.

पारसिकचा_वारा

शशी, त्या भिंतींशी थट्टा जरा जपून. १९ एप्रिल १९१० रोजी नाशिकच्या जॅक्सन वधाबद्दल अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या क्रांतिकारकांना तेथेच फाशी दिले गेले. बाहेरून, खाडीच्या बाजूने, तटबंदीची कल्पना येते. कादंबरीसाठी तेवढे पुरेसे आहे.

चेंदणीकर

सर्वांचे आभार. अनोळखी स्वार आणि त्याची मोहरांची थैली आजच काढून टाकली. पनवेल, जासूद आणि अर्धवट निरोप हे आत आले आहेत. किल्ल्यातील तो ऐकून गप्प बसलेला माणूस म्हणून कोठारावरच्या एका देशी कारकुनाचा विचार करतो आहे. आमच्या ठकाने एकेकाळी त्याच्याबरोबर एकाच दफ्तरात काम केले आहे आणि म्हणून तो त्याचे अक्षर ओळखतो. बाणेदार, आपला मुद्दा मी सोडलेला नाही. दोघांपैकी गोसावी शेवटी बातमी विकायला नकार देतो, पण का, ते तो सांगत नाही आणि मीही सांगणार नाही.

आता एक व्यावहारिक प्रश्न. माझ्या प्रसंगात रात्री आठच्या सुमारास हे दोघे तटाखालच्या काठावरून होडीत बसून पलीकडे जातात. भरतीचे काय असेल?

आगरी_मीठ

आमच्याकडे जुनी माणसे तिथीला पाऊण पट करून भरतीची वेळ काढतात. षष्ठीला साडेचार आले, म्हणजे संध्याकाळी साडेचारच्या आगेमागे पूर्ण भरती आणि साडेदहाच्या आगेमागे पूर्ण ओहोटी. ठाण्यापर्यंत पाणी थोडे उशिरा चढते-उतरते, तरीही आठ वाजता पाणी जोरात ओसरत असणार. त्या वेळी होडी तटाखाली लावली तर ती चिखलात बसेल आणि दोघांना सकाळपर्यंत तेथेच बसावे लागेल. होडी आधीच मधल्या धारेत उभी ठेवा आणि त्यांना मांडीभर चिखलातून चालवत न्या. ओहोटीबरोबर होडी आपोआप दक्षिणेकडे, म्हणजे ऐरोली-बेलापूरच्या अंगाला, ओढली जाईल, त्यामुळे कळव्याला उतरण्याचा बेत असेल तर तोही बदलावा लागेल.

ऐरोलीवासी

या, या. पेशवाईत आपले स्वागत आहे. चिखलाचे पाय मात्र बाहेर धुऊन या.